साडूचा बर्फ

टेक्सास राज्यात बर्फाविषयी अधिकाराने बोलू शकेल असा आजवर एकच माणूस झाला, आणि तो माझा साडू आहे. हे मत आधी फक्त त्याचं होतं. मग ते त्याच्या बायकोचं झालं, कारण तिला एकच वाद रोज घालायचा कंटाळा आहे. पुढे प्लेनोतल्या समस्त मराठी मंडळींनीही ते मान्य करून टाकलं. ज्या गावात नऊ महिने उन्हाळा आणि उरलेले तीन महिने उन्हाळ्याची चर्चा असते, तिथे बर्फाचा अधिकार कुणाकडे का असेना, कुणाचं काय जातं, असा त्यामागे सुज्ञ विचार असावा. माझं मात्र जात असे. साडू आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि त्याला मदतनीस लागतो.

या अधिकाराचा उगम पेनसिल्व्हेनियात आहे. लग्नाआधी तो काही वर्षं तिथल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला होता. तिथे त्याने नेमका कशाचा अभ्यास केला हे त्याने मला कधी धड सांगितलेलं नाही, पण तिथल्या बर्फातला एकही दिवस सांगायचा शिल्लक ठेवलेला नाही. चौघांनी मिळून घेतलेलं अपार्टमेंट, ऐन जानेवारीत बंद पडलेला हीटर, गुडघाभर बर्फ तुडवत कॅम्पस बसचा थांबा गाठणं, आणि थांब्यावर पोचल्यावर बस रद्द झाल्याचं कळणं. या गोष्टीत ऐकणाऱ्याने ‘अरे बापरे’ म्हणायची जागा ठरलेली आहे. एकदा माझी बायको चुकून आधीच म्हणाली, तर त्याने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर तिथून आणलेलं बर्फ उपसायचं फावडं टांगलेलं आहे. लोक पणजोबांची तलवार टांगतात, तसं. तलवारीसारखंच तेही टेक्सासमध्ये कधी वापरलेलं नाही. त्यावरून फक्त धूळ पुसली जाते.

आमच्याकडे बर्फ पडत नाही असं नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा आकाशातून काहीतरी पांढरं पडतं. पण ते म्हणजे बर्फ नव्हे, हे सांगायला साडू तत्पर असतो. एका हिवाळ्यात रात्रभर टपटप आवाज करत जे काही पडलं, त्यात सकाळी गल्लीतली सगळी पोरं लाँड्री बास्केटची झाकणं घेऊन घसरत होती. माझ्या मुलीने ते गोळा करून, बहुतेक आमच्या लॉनमधली माती मिसळून, एक कमरेएवढा माणूस उभा केला आणि त्याला गाजराचं नाक लावलं. तेवढ्यात साडू आला. अंगात ध्रुवावर जायचं जॅकेट, पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट. त्याने त्या माणसाला बोटाने टोचून पाहिलं आणि म्हणाला, “हा स्नो नाही, बेटा. हा स्लीट, गोठलेला पाऊस. याला स्नोमॅन नाही म्हणता येणार.”

“इट्स व्हाइट, काका,” ती म्हणाली.

“व्हाइट तर साबुदाणापण असतो. हा स्लीटमॅन.”

मुलगी घरात जाऊन रडली. साडूला वाटलं, तिला थंडी वाजली.

टेक्सासची माणसं बर्फाची तयारी कशी करतात हा त्याचा दुसरा आवडता विषय. टीव्हीवरच्या हवामानवाल्याने नकाशावर निळा रंग दाखवला की सगळं गाव पाव आणि दूध आणायला धावतं. आमची मंडळी देशी दुकानात जाऊन दही आणि कोथिंबीर संपवतात. शाळा पहिला कण पडायच्या आधीच बंद होतात. लोक बाहेरच्या नळांना जुने टॉवेल बांधतात, झुडपांवर चादरी घालतात, पाइप फुटू नयेत म्हणून घरातले नळ बारीक धारेने चालू ठेवतात. “यार, दोन स्नोफ्लेक्सचा फोरकास्ट आला की हे लोक अख्खं स्टेट बंद करतात,” साडू म्हणतो, आणि मग हेच सगळं दुपटीने करतो. त्याची चादर साधी सुती असून चालत नाही. नळाचा टॉवेल तो बाहेरून प्लास्टिकने आणि चिकटपट्टीने असा बांधतो की पुढे एप्रिलमध्ये तो सोडवायला मला बोलावतात. गाडीची चाकं घसरू नयेत म्हणून चाकांखाली टाकायला मांजराच्या शौचाची वाळू सगळ्यात उत्तम, असा पेनसिल्व्हेनियाचा सिद्धान्त आहे. ती आणायला तो मला पाठवतो. एकदा माझ्या ढकलगाडीतल्या गोण्या पाहून काउंटरवरच्या बाईने मला हळुवारपणे विचारलं, घरी किती मांजरं आहेत. मी म्हटलं, एकच साडू आहे. तिला ते मांजराचं नाव वाटलं असावं.

मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची गोष्ट तर मी अजून त्याला माफ केलेली नाही. रस्ते निसरडे होतील म्हणून कार्यक्रम कॅन्सल केल्याचा निरोप सगळ्यांना सकाळीच आला होता. त्यालाही आला होता. “स्टेट कॉलेजला एवढ्यावर कुणी क्लाससुद्धा कॅन्सल करत नव्हतं,” असं म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना गाडीत बसवलं. हायवेवर बैलगाडीने आम्हाला ओव्हरटेक केलं असतं. वाटभर तो मला बर्फात ब्रेक का दाबायचा नसतो ते समजावत होता. शाळेच्या हॉलला कुलूप होतं. पार्किंगमध्ये शिरताना त्याने ब्रेक दाबला. गाडी सावकाश, अगदी खानदानी पद्धतीने, स्वतःभोवती अर्धी फिरली आणि आलो त्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मग साडू म्हणाला, “तोंड इकडेच आहे, तर निघूया.”

अशा माणसाकडे त्याची आई नागपूरहून आली. ती आधी कधी आली नव्हती. तो शिकत असताना वडील अंथरुणावर होते, त्यामुळे तिला त्याच्या पदवीदानालाही येता आलं नाही. दर फोनवर तो म्हणायचा, आई, तू ये, तुला बर्फ दाखवतो. ती यायला मोकळी झाली तोवर तो टेक्सासला आला होता आणि तिचे गुडघे गेले होते. विमानातून उतरल्यावरच तिने सांगून टाकलं की एवढा प्रवास आता पुन्हा जमायचा नाही. ती पावसाळ्यानंतर आली, दिवाळी झाली, थँक्सगिव्हिंग झाला, संक्रांत झाली, आणि प्लेनोत लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत होते. साडू रोज सकाळी रडारचा नकाशा उघडून बसायचा. ती स्वतः त्याबद्दल काही बोलत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “पडला तर पाहीन. नाही तर आमच्या नागपूरला गारा पडतातच की.” पण रोज चहाच्या वेळी ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवायची.

तिच्या परतीच्या आठवड्यात निळा रंग आला. रविवारी तिचं विमान, आणि गुरुवारी पहाटे बर्फ, असा अंदाज होता. बुधवारी साडूने ऑफिसला दांडी मारली. मीही मारली; म्हणजे त्याने मारायला लावली. आम्ही नळ बांधले, पाइप बांधले, झुडपं झाकली, आणि मग आईला झुडपांवरचा बर्फ दिसावा म्हणून ती पुन्हा उघडी केली. वीज गेली तर काय, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी गॅरेजच्या भिंतीला छतापर्यंत रचली. हँडीकॅम चार्ज केला. त्याने आईसाठी बूट आणले होते. ते ती सोफ्यावर बसून घालून पाहत होती आणि खिडकीतून आमच्याकडे बघत होती.

“हा काय करून राहिला सकाळपासून?” मी आत आल्यावर तिने मला विचारलं.

“बर्फाची तयारी, काकू.”

“तयारी येणाऱ्या बर्फानं करायची की घरच्यांनी?”

गुरुवारी उजाडता उजाडता साडूचा फोन आला. “ताबडतोब ये,” एवढंच म्हणाला. मी खिडकीतून पाहिलं. थंडी हाडं गोठवणारी होती, पण आकाश लख्ख आणि रस्ता कोरडा ठणठणीत. वारा आला होता, ढग आलेच नव्हते. सगळ्यांची लॉन्स नेहमीसारखी पिवळी होती. त्याच्या गल्लीत वळलो आणि थांबलो. एकच लॉन पांढरं होतं. गवताच्या पात्यापात्यावर बर्फ, झुडपांना बर्फाच्या लोलकांच्या माळा, सगळं उन्हात चमचमतंय. साडू दारात उभा होता, हातात रस्त्यावर टाकायच्या मिठाची गोणी.

“स्प्रिंकलर,” तो म्हणाला.

त्याच्या लॉनला पाणी देणाऱ्या फवाऱ्यांचं घड्याळ गॅरेजच्या भिंतीवर आहे. हिवाळ्यात ते बंद करायचं असतं, हे प्लेनोतल्या लहान पोरालाही माहीत आहे. स्टेट कॉलेजला लॉनच नव्हतं. पहाटे घड्याळाने आपलं काम केलं आणि थंडीने आपलं.

“बंद नव्हतं केलंस?”

“यार, ते पाण्याच्या खोक्यांच्या मागे राहिलं. आई उठायच्या आत मीठ टाकून वितळवू. तू तिकडून सुरू कर.”

दार उघडलं. आई शाल पांघरून, नवे बूट घालून उभी होती.

“पडला का रे?” ती म्हणाली.

मी साडूला ओळखून होतो. गाजराचं नाक लावलेल्या मातीच्या बाहुल्यालाही ज्याने सोडलं नाही, तो आता गोठलेल्या फवाऱ्यावर निदान दहा मिनिटं बोलणार होता. त्याने गोणी खाली ठेवून पायाने मागे सरकवली.

“हो आई. पडला.”

“हाच का तो?”

“हाच. स्नो.”

त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि हँडीकॅम माझ्या हातात दिला. “झूम करून धर,” तो माझ्या कानात म्हणाला. “शेजाऱ्यांचं लॉन फ्रेममध्ये आलं तर बघ.” मग तो तिचा हात धरून तिला गवतावर घेऊन गेला. ती जपून वाकली आणि तिने एका झुडपाला हात लावला.

“संक्रांतीच्या हलव्यासारखं दिसून राहिलं. पण कडक आहे बाप्पा. मला वाटलं होतं, कापसासारखा असेल.”

“काही प्रकार कडक असतात,” साडू म्हणाला. हे त्याच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो, आणि ऐकायला माझ्या मुलीने असायला हवं होतं.

मग तिने मान वर करून पलीकडे पाहिलं. “समोर नाही पडला?”

बर्फाविषयी प्रश्न आला आणि साडू बुटाची नाडी बांधायला वाकला. मी कॅमेरा खाली केला. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“होते कधी कधी असं,” तीच म्हणाली. “आपल्याकडं नाही का, सीताबर्डीवर धो धो, अन् धरमपेठेत थेंब नाही.”

“तसंच, आई.”

“तसंच, काकू,” मीही म्हणालो.

तिला काय कळलं आणि काय नाही, हे मी तेव्हाही ठरवू शकलो नाही. ती पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिली. बुटाने थोडा बर्फ दाबून पाहिला, तो कुरकुरला.

“तू याच्यातूनच कॉलेजात जायचा?”

“हो.”

“अन् मी फोनवर विचारत राहायची, जेवला का नीट.”

बस, थांबा, गुडघाभर बर्फ, सगळ्या गोष्टी सांगायला याहून चांगली जागा त्याला आयुष्यात मिळाली नसती. त्याने एकही सांगितली नाही. तिची शाल सरकली होती, ती नीट केली आणि म्हणाला, “आत चल, पाय गार पडतील.”

ती रविवारी गेली. बुधवारी नागपूरहून फोन आला की प्रवास नीट झाला, आणि बर्फ दाराशीच पडला होता हे तिने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं आहे. त्या टेपची प्रत साडूने तिला पोस्टाने पाठवली. तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त तिचा चेहरा आणि एक झुडूप आहे.

त्या हिवाळ्यात प्लेनोत बर्फ पडला नाही.