चावडीपुढून, पहिल्या गियरमध्ये

मामा गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. भोरहून येणारी सकाळची गाडी आमच्या फाट्यावर थांबली आणि तो दारातूनच वाकून म्हणाला, "ताई, दगडू डायव्हर गेले काल. मामींनी बोलावलंय." मग घंटी मारता मारता त्यानं विचारलं, "त्यांची गाडी कुणाकडं जाणार आता?"

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. पुण्यानुमोदनाला माणसं आली, बसली, चहा प्यायली, आणि तीही गाडीबद्दलच बोलली. माझ्या सासरच्या गावचे आबा तर मान हलवून म्हणाले, "दरारा गाडीचा होता. ती होती म्हणून तुमची वरात गावातनं गेली." मी त्या दिवशी गप्प राहिले, कारण मामी शेजारी बसली होती. आता दोन महिने झालेत, आणि गप्प राहायचं मला काही कारण दिसत नाही. गाडीनं काय केलं आणि मामांनी काय केलं, हे एकदा वेगळं करून सांगितलंच पाहिजे.

गाडी विलायती होती. लांब नाक, चार दरवाजे, आत लाकडाची चकचकीत फळी आणि कातड्याची गादी. मामा पुण्याच्या ज्या मालकांकडे ड्रायव्हर होते, ते तिला 'स्पोर्ट्स सलून' म्हणायचे. पण म्हणताना थोडे ओशाळायचे, कारण त्या नामांकित कंपनीच्या गाड्यांतली ही सगळ्यात धाकटी. अंगकाठी थोरलीचीच, इंजिन मात्र लहान. क्लबात त्यांचे मित्र म्हणायचे, नाव विकत घेतलंस, वेग घ्यायचा राहिला. पुढं मालकांचं मन तिच्यावरून उडालं, ती पावसात पडून गंजायला लागली, आणि नोकरी सोडताना मामांनी भंगाराच्या भावात ती मागून घेतली. वर्षभर खपून त्यांनी ती उभी केली आणि भोरच्या स्टँडबाहेर भाड्यानं लावली.

पुण्यात जिचं हसं होत होतं, तिचा भोरमध्ये डंका वाजला. दगडूची गाडी एसटीला हां हां म्हणता मागं टाकते, हिर्डोशीची अडलेली बाई घेऊन दूध उतू जायच्या आत दवाखान्यात येते, असं काहीबाही लोक सांगायचे. खरं तेवढंच लिहायचं तर ती उठायला आळशी होती. वरंध्याच्या चढाला तिला धाप लागायची, खडकाळ रस्त्यावर पोट घासायचं. पण सपाट रस्त्यावर एकदा चाल धरली, की पेल्यातलं पाणी हलत नसे, आणि ब्रेक तर असे की वळणावर गुरं आडवी आली तरी मामांच्या कपाळावर आठी उमटत नसे. कुणी "इंजिन बारकं हाय म्हणं" असं डिवचलं, की मामा म्हणायचे, "बस मागं, आन शिरवळात उतरल्यावर बोल."

माझं लग्न ठरलं ते दिवस मला लख्ख आठवतात. मी वडिलांनी वस्तीत वाटलेल्या चळवळीच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. वरात सासरच्या गावात भरदिवसा, मोठ्या रस्त्यानं, चावडीपुढून जाईल, असं मी सांगून टाकलं. त्या रस्त्यानं आमच्या माणसांची वरात कधी गेली नव्हती. गावात बैठका झाल्या. शेवटी हेच आबा तोडगा घेऊन भोरला आले. म्हणाले, "दगडू, कोण आडवत न्हाई तुमास्नी. एवढी पळती गाडी हाय, काचा वर घ्या आन भुर्रकन निगून जा. तुमचंबी झालं, गावाचंबी राहिलं."

आमची बरीच माणसं यावर खूश होती. मामांनी हात पुसले आणि म्हणाले, "गाडी बँडाच्या मागनं चालंल. बँड चालतो तशी."

घरात भांडण झालं ते यावरून. कारण सगळ्यांना माहीत होतं, या गाडीला सावकाश चालणं सोसत नाही. पळताना वारा लागला की ती थंड राहते. रांगायला लावली की पाणी उकळतं आणि ती बंद पडते. चावडीपुढं बंद पडली असती, तर ढकलत न्यावी लागली असती, सगळ्या गावाच्या हसण्यात, आणि तो रस्ता पुन्हा आमच्या कुणासाठी उघडला नसता.

वैशाखातली दुपार होती. वेशीतून आत शिरलो तेव्हाच उष्णतेचा काटा चढायला लागला. मी आणि हे मागं, मामा पुढं एकटे. पिंपळाशी आलो आणि काटा लाल खुणेला टेकला. मामांनी फळीखालची एक कळ ओढली, आणि आमच्या पायांवर भट्टीसारखा वारा आला.

"मामा, काय पेटलं?"

"हीटर हाय. विलायतेत थंडीला लावत्यात. इंजिनाची गरमी वडून आत टाकतो. तिची गरमी आता आपण खायची."

यांच्या अंगात उसना लोकरी कोट. घाम हनुवटीवरून टपकत होता. "मामा, कोट काढू का?"

"कोट काडायचा न्हाई, जावई. कोटासाठी तर आलोय."

काचा खाली होत्या. बाहेरचं ऊन आतल्यापेक्षा गार वाटत होतं. चावडीवर माणसं उभी होती. आबा कट्ट्यावरून म्हणाले, "दगडू, हाण की जरा. पोरं उनात शिजायला लागली."

मामांनी त्यांच्याकडं बघून मान लववली. म्हणाले, "म्हातारी गाडी हाय, आबा. न्हाई पळत."

साऱ्या तालुक्यात जिच्या वेगाची शेखी मिरवली, तिची अब्रू मामांनी त्या एका वाक्यात स्वतःच्या हातानं उतरवून ठेवली. आणि आम्ही गेलो. बँडवाल्यांच्या चालीनं, शेवटपर्यंत. काटा लाल खुणेशी थरथरत होता, पण इंजिन बंद पडलं नाही. आबा, दरारा गाडीचा असता तर ती तुमच्या तोडग्याप्रमाणं भुर्रकन गेली असती.

मामांनी असा हट्ट का धरला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला वाटायचं, वडिलांच्या पत्रकांचा परिणाम. परवा मामीकडं गेले तेव्हा ती शेडमध्ये गाडीवरची धूळ झटकत होती. आपणहून म्हणाली, "आमचं लगीन झालं तवा रातीचं गावाभायेरनं नेलं आमाला. तरीबी कुणीतरी वरडलं. पळालो आमी. मुंडावळ्या तुटल्या, ह्यांनी त्या मुठीत धरल्या…" आणि ती पुन्हा पुसायला लागली.

पेट्रोल महागल्यापासून गाडी फारशी बाहेर निघत नाही. पुण्याचा एक हौशी माणूस ती मागायला आला होता. मामीनं त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. कारण पुढच्या महिन्यात वेल्ह्याकडच्या एका गावात आमच्यातलंच लग्न आहे, आणि तिथंही म्हणे तोडगा निघालाय की गाडी असेल तर जरा जोरात न्या. गाडी मी चालवणार आहे. मामांनीच धरणाच्या रस्त्यावर मला शिकवलं होतं.

काल सराव करायला बसले तर पाय पेडलला पुरेनात. मामा उंच होते, सीट पार मागं सरकवलेली. सीट पुढं घ्यायला मी खालच्या दांड्याकडं वाकले, तेव्हा मामीनं दारातून हात आत घातला.

"ऱ्हाऊ दे ती तितंच," ती म्हणाली. "पाठीला उशी घे."