गुपितकाकू

जबलपूरच्या गोरखपूर बाजारात इतक्या मोठ्यानं गुपित सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. शेजारच्या काकू दुकानदाराशी हिंदीत गोडगोड बोलायच्या आणि त्याच्याच तोंडासमोर काकांना मराठीत ओरडून सांगायच्या, "हा लुटून राहिला हो! उठा, निघाल्यासारखं करा." काका बिचारे उठायचे. भाव उतरायचा. आम्ही पोरी त्यांना गुपितकाकूच म्हणायचो.

काका संस्कृतचे मास्तर. त्यांच्या संगतीनं काकूंनाही शब्दांचं कूळ काढायची खोड लागली होती. "गुपित म्हणजे लपवलेलं, असं म्हणतात. पण तसं काहून? मूळ शब्द गोप. गायी राखणारा! त्यावरून गुप्, म्हणजे राखणं. गुप्त, गोपनीय, सारी त्याचीच पिल्लावळ. लपवतो तो चोर, बाई. गुपित राखायचं असते, अन् राखायला दोघं लागतात." एवढं बोलून काकांकडे बघायच्या.

काका गेले आणि घरात मराठी बोलणारं कोणी उरलं नाही. मुलगा-सून हिंदीतच बोलायचे. नातू "दादी, क्या बोला?" म्हणून हसायचा. हळूहळू काकू बोलेनाशाच झाल्या. मला म्हणाल्या, "एकटीचं कुठलं गुपित? मी नुसती मुकी होऊन राहिली." फार वाईट वाटलं मला.

एकदा बळेच त्यांना बाजारात नेलं. नेहमीचं कापडाचं दुकान. भैयानं चादरीचा भाव सांगितला आणि काकूंनी निमूट पिशवी उघडली. घासाघीस नाही, काही नाही. भैयाचा घडी घालणारा हात थांबला. मोडक्यातोडक्या मराठीत तो म्हणाला, "काकूजी, मी लुटून राहिलो ना? बोला ना. काकाजींना बोलत होत्या, तसं."

"अरे मेल्या! तुला समजत होतं?"

"पहले दिन से. माझी नानी नागपूरची. पण तुमचं गुपित होतं ना, मी पण राखलं."

काकू तिथेच गादीवर बसून रडल्या, आणि मग त्याच्याशी मराठीत कडकडून भांडल्या. चादर स्वस्तात आणली.

त्यानंतर त्यांना सारखं काही ना काही कापड लागायला लागलं. आज खोळी, उद्या पडदे. भांडायला एकट्याच जायच्या आणि येताना चेहरा फुललेला असायचा.

गेल्या वर्षी काकू गेल्या. कपाट उघडलं तर न शिवलेल्या कापडाचा ढीग. सून हातात एक तागा धरून माझ्याकडे बघत म्हणाली, "मम्मीजी इतना कपड़ा किसके लिए लाती थीं, दीदी?"

"पता नहीं," मी म्हटलं.