उजेडात न दाखवलेलं पातळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीने टाळत आलो. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण कुठून सुरुवात करू? माझ्या नजरेपासूनच करतो. तिच्याबद्दल बढाई मारायची सवय आहे मला, म्हणजे जीभ जरा सैल होईल.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. कंट्रोलचं, म्हणजे रेशनवर मोजून मिळणारं कापड हळूहळू मागे पडलं होतं आणि दुकानांत पुन्हा रंग दिसायला लागले होते. ठाण्याच्या बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानात मी पातळं दाखवायला होतो. कळव्याला राहायचो, खाडीचा पूल ओलांडून चालत यायचो. मॅट्रिकला आपटलेलो, अंगाने किरकोळ. पण एक गोष्ट मला जमायची. बाई पायरी चढून आत आली, की तिला कुठला रंग खुलेल ते मला कळायचं. कसं? ते नाही सांगता येत. काही माणसांना बोट बुडवून मीठ कळतं, तसंच काहीतरी.

दुकान लांबलचक आणि अंधारं, भर दुपारीही आत पिवळे दिवे लागलेले असत. त्या दिव्यांखाली सगळेच रंग गोड दिसतात, सगळेच चेहरे उजळ दिसतात. म्हणून माझा एक रिवाज होता. पातळ पसंत पडलं की मी गिऱ्हाइकाला बाहेर पायरीवर न्यायचो, पदर तिच्या खांद्यापाशी धरायला सांगायचो आणि म्हणायचो, "आता उजेडात बघा." मालक कुरकुरायचे, पण माझ्या हातचं पातळ कधी बदलायला परत आलं नाही. आसपासच्या आळ्यांतल्या बायका माझं नाव सांगत यायच्या.

प्रमिलाही तशीच आली, आईबरोबर. वडील कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क, घर शिकलेलं. ही विशीची असेल. गोरी नव्हती, सावळीही नव्हती — पिकत आलेल्या गव्हासारखा रंग, उन्हात तांबूस वाटणारे केस, मधाच्या रंगाचे डोळे. नाकावर बारीक तपकिरी ठिपके होते, ते ती पावडरने झाकायची. अशा चेहऱ्याला फिकट गुलाबी, आस्मानी, राखाडी लावा — माणूस तापातून उठल्यासारखं दिसतं. आणि चटणी रंग लावा, विटकरी लावा, शेवाळी लावा, मोहरीचा पिवळा लावा — मग बघत राहावं. तिच्या आईला वाटायचं, रंग उजळ नाही तर फिकं नेसवावं. मी पहिल्याच दिवशी विटकरी पातळ काढलं आणि तिला पायरीवर नेलं.

काय सांगू तुम्हाला! ती दाराशी टांगलेल्या आरशात बघून हसली, आणि मी पदराचं दुसरं टोक हातात धरून तसाच उभा. आई म्हणाली, "अगं बाई, ही आपली पमीच का?"

त्यानंतर दर दिवाळीला आणि गुढीपाडव्याला त्या दोघी यायच्या. वर्षातून दोन वेळा, फार तर तीन. नवा माल आला की मी तिच्या रंगांची पातळं गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून ठेवायचो. ती आली की एकेक काढायचो आणि पायरीवर चारपाच मिनिटं तिच्याकडे बघायचो. कामच होतं ना माझं बघायचं! कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. त्या चारपाच मिनिटांवर मी पुढचे सहा महिने काढायचो. हसू नका. प्रेम हा शब्द तेव्हा मनातसुद्धा उच्चारला नव्हता, पण दुसरं काय होतं ते?

मागणी घालायचा विचार केला का? केला, आणि लगेच सोडलाही. आमची जात वेगळी, माझं शिक्षण अर्धवट, आणि मुख्य म्हणजे छाती नव्हती. तिने माझ्या घरी यावं एवढी माझी हाव नव्हतीच. तिने कुठे जाऊ नये, एवढंच वाटायचं.

चौथ्या वर्षी त्या दिवाळी नसताना आल्या. मी चटणी रंगाचं, हिरव्या काठाचं एक पातळ आधीच स्वतःच्या खांद्यावर टाकलं होतं. आई बसता बसता म्हणाली, "दत्तू, आज नीट बघून दे हो. रविवारी सकाळी हिला बघायला येताहेत. मुलगा पुण्याचा आहे."

माझा हात थांबला. मग तो हात — माझाच हात — खांद्यावरचं पातळ उतरवून गठ्ठ्याखाली गेला आणि वर आला तो फिकट गुलाबी पातळ घेऊन. दिव्याखाली ते तिच्या अंगावर छान दिसलं. दिसणारच. आई खूश झाली. प्रमिलाने विचारलं, "उजेडात बघायचं ना?" बाहेर अजून चांगलं ऊन होतं. मी म्हणालो, "काही गरज नाही."

ते तीन शब्द. माझा गुन्हा विचाराल, तर तो हा.

नकार आला. मुलगी नाजूक वाटते, काही दुखणं वगैरे आहे का, असं त्यांनी मध्यस्थाकडून विचारलं म्हणे. हे मला तिच्या आईनेच सांगितलं, पोलक्याचं कापड घेता घेता. वर म्हणाली, तुझ्या निवडीला बोल नाही रे, हिच्याच तोंडावर तेज नाही. मी मान हलवली. खरं सांगू? घरी जाताना पुलावर मी शीळ घालत होतो.

मग थांबायला हवं होतं की नाही? दुसऱ्या वेळी मी आस्मानी दिलं. तिसऱ्या वेळी राखाडी, बारीक रुपेरी बुट्टीचं. दोन्ही वेळा संध्याकाळ होती, दिव्याखालीच पसंती झाली आणि पायरीवर जायचा विषय मी निघूच दिला नाही. दोन्ही वेळा नकार आला. घरच्यांनी तिला खजूर, बीट, काढे सुरू केले, डॉक्टरकडे रक्त तपासून आणलं. रक्तात काही कमी नव्हतं. आई हे सगळं मला सांगायची, कारण मी घरचा झालो होतो. नकाराला इतरही कारणं असतील, असं मी पुष्कळदा स्वतःला समजावलं. पण ती कारणं कुठली, मला माहीत नाहीत. माझं तेवढं मला माहीत आहे.

आणि ती? तिने आरशात बघणं सोडलं. आधी सोडलं ते हसणं, मग आरसा. मला ते दिसत होतं. नजर होती ना मला!

शेवटची आली ती एकटीच. वडील निवृत्त झाले होते, बिऱ्हाड डोंबिवलीला हलवलं होतं आणि तिला तिथल्या शाळेत नोकरी लागली होती. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिचे रंग सगळे मागच्या फळीवर होते, हात लांब केला असता तर पुरला असता. तिला पायरीवर न्यायला कितीसा वेळ लागला असता? सांगता आलं असतं की तुमचा चेहरा चांगला आहे, खोटं मी बोललो होतो. तोंडात शब्द आले होते, शपथेवर सांगतो. नाही, शपथ राहू द्या.

ती गादीच्या कडेला बसली. म्हणाली, "पांढरी दोन द्या. काठ कसलाही चालेल. मला रंग खुलत नाहीत, तुम्हाला तर माहीतच आहे."

मी म्हणालो, "हो." आणि पांढरी दोन पातळं काढून, घडी नीट करून, कागदात बांधून तिच्या हातात दिली.