दम तुटला का सोडला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचं. ओसरीत पोतं अंथरलेलं, मधे हिरवा ढीग, इकडे मी, तिकडे ती. ती बांधायची, मी मुळ्या पाण्यात बुचकळून पाटीत रचायचो. बांधायचं काम तिनं माझ्या हाती कधी येऊ दिलं नाही. "तुमची जुडी म्हणजे झाडू," म्हणायची. "कोणी इकत घेईन, घर झाडीन."

दमा तिला जुनाच. त्या दिवशी जरा जास्त होता. एक जुडी बांधली की थांबायची, पंप तोंडात मारायची, मग दुसरी उचलायची.

"उद्या तुमची मिटिंग ना?"

"हो."

"पोट्ट्याले काढून राह्यले म्हणे."

"कायमचा."

पोट्टा म्हणजे शेजारचाच पोरगा, आमच्या गावच्या कबड्डी संघाचा चढाईचा गडी. लहानपणापासून तिच्या हातची भाकर खाल्लेला. आता पोलीस भरतीच्या तयारीत होता. खेळाच्या सर्टिफिकेटावर लागून जाईल, अशी सगळ्यांना आशा होती. यंदा गावच्या सामन्यात फायनलला आमचाच संघ होता. शेवटची चढाई त्याची. एक गुण आला की सामना आमचा. तो गेला, समोरच्या गड्याला शिवला, परत फिरला, आणि मधली रेषा हातभर राहिली असताना त्याचं 'कबड्डी कबड्डी' थांबलं. बाहेरगावच्या पंचानं शिट्टी मारली. दम तुटला, सामना गेला.

दुसऱ्याच दिवशी बोभाटा झाला. मोबाइलवर सट्टा लागला होता, पोट्ट्यानं सामना विकला. गावच्या कबड्डी मंडळानं चौकशीला तिघं नेमले. अध्यक्ष, त्यांचं खताचं दुकान आहे. एक रिटायर मास्तर. आणि मी. माझी शाळा चौथीतच सुटली, पण जन्मभर आसपासच्या मैदानांवर पंच म्हणून उभा राहिलो. त्या कामाला डोळा कमी लागतो, कान जास्त लागतो.

आम्ही पानठेल्यावाल्याला विचारलं. गुण लिहिणाऱ्याला विचारलं. मोबाइलवरचं शूटिंग पाहिलं, त्यात ढोलाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तरी ठरल्यासारखंच होतं. जन्माची बंदी आणि जिल्ह्याला पत्र. म्हणजे खेळ गेला, सर्टिफिकेट गेलं, भरतीही गेली.

ती सामन्याच्या दिवशी बायांसोबत अगदी रेषेजवळ बसली होती.

"त्याचा दम तुटला नाई," ती म्हणाली. "त्यानं सोडला."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाई समजत तं कोणाले समजते?" तिनं पंप दाखवला. "तुटला का माणूस आत वढते. सारी छाती वढते. त्यानं वढलाच नाई. नुसतं तोंड मिटलं, अन् माह्याकडं पाह्यलं."

"मंग झालंच. काढतो त्याले."

"काढा. पण त्याले इचारलं का?"

मी मुळ्या बुचकळत राहिलो.

"साऱ्या गावाले इचारलं, त्याले नाई इचारलं. म्हशीनं दूध नाई देल्लं तं तिलेबी इचारता तुमी, काऊन वं म्हणून."

"उद्या इचारतो."

"चार लोकांत नोका इचारू. एकटा असला का इचारजा."

मी हो म्हणालो. पाटी भरली, ओलं पोतं वरून टाकलं. ती हात धुवायला उठली आणि उठता उठता भिंतीला टेकली.

दिवे लागायची वेळ. शेजारचे लोक गाडी आणायला पळाले. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. पंप मारून काही होत नव्हतं. ती ओढत होती, बाहेर टाकत होती, पुन्हा ओढत होती. मग एक श्वास बाहेर आला आणि त्याच्यामागून काही आलं नाही. मी वाट पाहिली. गाडी दारात आली तरी मी वाटच पाहत होतो.

तिनं सांगितलेली खूण मला तेव्हाच आठवली, आणि आठवली याचा मला राग आला. तुटला असता तर ओढला असता ना? तिनं ओढला नाही. मग तिनं सोडला का? जन्मभर दुसऱ्यांचा दम ऐकून शिट्टी मारली, आणि घरातला मला ओळखता आला नाही. अजून येत नाही. संध्याकाळी ओसरीत बसलो की मी कान देऊन असतो. कोपऱ्यातलं पोतं वाऱ्यानं हललं तरी वाटतं, आता ओढेल.

सकाळी पुलगावची लेक आली, मग तिरडी बांधली. बाया म्हणत होत्या, नशिबाची, भरल्या कपाळानं गेली. मागे कोण राहिलं ते कोणी बोललं नाही.

पोट्टा फाटकाशी उभा होता. त्याला कोणी वाट देईना. अध्यक्ष हळूच म्हणाले, "तू मागं राह्य."

"देऊ द्या खांदा," मी म्हणालो. "तिच्या हातचं खाल्लं यानं."

त्यानं पुढचा खांदा धरला. मी मडकं घेऊन पुढे. नदीपर्यंतच्या रस्त्यात 'राम नाम सत्य है' तोच म्हणत होता, माझ्या कानाच्या मागे. बाकीचे खांदे बदलले, आवाज बसले. त्याचा नाही बसला. चढावरही नाही. माझ्या कानात देवाचं नाव जात नव्हतं, त्याचा दम जात होता. बायकोच्या मयतीत नवऱ्यानं असं ऐकू नये. पण ऐकलं, आणि कळलं की ती खरं बोलली होती. या छातीचा दम रेषेपासून हातभर अंतरावर तुटत नाही.

अग्नी दिला. लोक सावलीत जाऊन बसले. पोट्टा एकटाच पाण्यात उभा राहून तोंड धूत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"तुटला का सोडला?"

तो चितेकडे पाहत राहिला. "सोडला, काकाजी."

"काऊन?"

"अध्यक्षांच्या भाच्यानं सांगतलं. मोबाइलवरच्या सट्ट्याची खायवाडी त्याचीच आहे, पैसे तोच घेते. दुकानाच्या गाडीवर डायवर ठेवतो म्हणे. भरतीचा भरोसा नाई, म्हणून हो म्हटलं."

"अन् हे बोलला काऊन नाई?"

"इचारलंच कोणी नाई." मग म्हणाला, "काकूनं तवाच वळखलं होतं. मी पाह्यलं तं तिनं मान खाली घातली. तवापासून तुमच्या घरी आलो नाई मी."

मी तसाच अध्यक्षांसमोर गेलो.

"मिटिंग घ्या."

"भाऊ, आज नका काही बोलू."

"आजचीच ठरली होती. तिघंही अठीच आहो."

मास्तर म्हणाले, "अरे, चिता जळून राह्यली."

"तिचंच काम आहे," मी म्हणालो. "पोट्ट्यानं दम सोडला. त्याले काढा, पहिला अंगठा माझा. पण कोणासाठी सोडला तेही लिहा. तुमच्या भाच्यासाठी. अन् त्याची चौकशी होईस्तोर, अध्यक्ष, तुमी या खुर्चीतून उठा."

सावलीतले लोक उठून जवळ आले. अध्यक्ष म्हणाले, "याले पुरावा काय?"

मी पोट्ट्याला हाक मारली नाही. चार लोकांत विचारू नका, असं ती म्हणाली होती. मी फक्त बाजूला सरकलो. त्याच्यात आणि लोकांत मीच उभा होतो. तो ओल्या कपड्यानं पाण्यातून वर आला, आणि भाच्याच्या नावापासून सांगायला लागला.

बोलता बोलता त्याचा दम तुटत होता. तुटला की तो आत ओढत होता, सगळी छाती ओढत होता. मी चितेकडे तोंड करून उभा राहिलो आणि त्याचं होईपर्यंत ते ऐकलं.