काचेमागची जास्वंद

आमच्या भरतकाम मंडळाच्या प्रदर्शनात परवा कुसुमताईंचा हात काचेवर आपटला. मंडळातल्या त्या सर्वांत जुन्या. पहिलं बक्षीस मिळालेल्या जास्वंदीच्या रुमालाचं टोक सवयीने चिमटीत धरायला गेल्या होत्या. आमच्यात काम आधी उलटं करून पाहतात. मागे गाठी किती, दोरा कुठून कुठे ओढलाय, यावरून बाई कशी बसून भरते ते कळतं. पुढची बाजू काय, सगळ्यांचीच गोड असते.

यंदा सगळं फ्रेममध्ये होतं, मागून पुठ्ठा चिकटवलेला. मी काचेवरूनच वाकून पाहिलं. सगळ्या फुलांत त्याच पाकळीवरचा टाका अगदी त्याच जागी निसटला होता. हात असा चुकत नाही. तो प्रत्येक फुलाला नवी चूक करतो. हे मशीनचं काम होतं, आणि खाली चिठ्ठी होती, 'संपूर्ण हाताने भरलेलं'.

अध्यक्षबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. "अहो, आम्हालाही कळलंय. पण हा हॉल त्या रुमालवाल्या बाईंनीच मिळवून दिला ना. कशाला दुखवायचं?"

मशीनचा मला राग नाही, ते सांगितलं तेवढं करतं. शिसारी आली ती त्या हसण्याची.

"आणि कुसुमताई, काचेला हात नका लावू. डाग पडतात," अध्यक्षबाई वळून म्हणाल्या.

सुईने खरखरीत झालेल्या बोटांचे ठसे कुसुमताईंनी पदराने पुसले. काच लख्ख झाली. आतली जास्वंद आणखीच छान दिसायला लागली.