शेवंता धावली होती

शेवंता गेल्याचा फोन तिच्या सुनेने केला तेव्हा मी ज्वारी निवडत होते. उरलेली निवडली आणि मग काष्टीहून जामखेडची एसटी धरली. रडले नाही. आठवड्याने दवाखान्यात शोकसभा झाली, तिथे मात्र माझं डोकं फिरलं. आमचे जुने कंपाउंडर वसंतराव काठी टेकत उठले आणि म्हणाले, "दुष्काळात आम्ही नगरपर्यंत धावलो, तेव्हा शेवंताबाईंनी वाटेत आम्हाला पाणी पाजलं." लोकांनी माना डोलावल्या. पाणी मी पाजलं होतं. शेवंता धावली होती. एवढं कुठेतरी छापून यावं म्हणून लिहिते आहे, तिचे गोडवे गायला बसलेली नाही. ती हट्टी होती, आणि मी घासलेलं पातेलं पुन्हा घासायची.

त्या धर्मादाय दवाखान्यात मी स्वयंपाक करायचे, ती आया होती. बहात्तरचा दुष्काळ. खडीच्या कामावरच्या बायका पोरं घेऊन यायच्या. पोरांचे पाय काटकीसारखे, पोटं फुगलेली. दुधाची पावडर संपली. तेव्हा डॉक्टरांनी अशी कल्पना काढली, की दवाखान्यातल्या लोकांनी एका दिवसात जामखेडहून नगरपर्यंत धावायचं, पंचेचाळीस मैल, आणि वाटेतल्या गावांनी पोरांच्या दुधासाठी डब्यात जमेल ते टाकायचं. चार पुरुषांनी नावं दिली. पाचवं शेवंताने दिलं. वसंतराव हसले. "शेवंताबाई, लुगडं सांभाळाल का रस्ता?" ती म्हणाली, "तुमी तुमची विजार सांभाळा."

तिला एकच गोष्ट हवी होती. नवरा तिला टाकून नगरला दुसरीबरोबर राहत होता. गावात ती 'टाकलेली' होती, नावाने कुणी हाक मारत नसे. "पारूआक्का, तिथं माइकात नाव घेतील न्हवं?" तिने मला दहा वेळा विचारलं. "पळनाऱ्याचं न्हाई तर काय माजं घेतील?" मी म्हणायचे.

पहाटे निघाले. पाण्याची पिंपं आणि लिंबं घेऊन मी जीपमध्ये. धावणं म्हणजे मैलभर पळायचं, मग थोडं चालायचं, पुन्हा पळायचं. शेवंताने कासोटा घातला होता, पायाला चिंध्या गुंडाळल्या होत्या. गावोगाव लोक अडवायचे, खुर्च्या मांडायचे, नारळ द्यायचे. पुरुष बसायचे, आणि बसलं की त्यांचे पाय आखडायचे. तिला खुर्ची कुणी दिली नाही, म्हणून ती उभ्याने पाणी पिऊन पुढे निघायची. कडा गाव सोडल्यावर वसंतराव आणि मलमपट्टी करणारे आमचे ड्रेसर, दोघंही जीपमध्ये येऊन बसले... मी शेवंताला म्हणाले, "ये तू बी." तिने मान वळवली नाही. चिंध्या लाल झाल्या होत्या. नगर अर्ध्या मैलावर आलं तसे ते दोघं खाली उतरले, केस विंचरले आणि पळायला लागले.

नगरच्या मैदानावर मांडव, पुढारी, लाऊडस्पीकर. पाच जण रांगेत उभे राहिले, शेवंता शेवटी. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "ओवाळायला बाई कुठंय?" ताट तयार होतं, निरांजन लावलेलं, पण सवाष्ण कुणी आलीच नव्हती. मी विधवा, मला चालत नव्हतं. शेवंताचा नवरा त्याच शहरात दुसरीच्या हातचं जेवत होता, पण जिवंत होता, म्हणून ती सवाष्ण. पुढारी घड्याळ बघत होते. मी ताट उचललं आणि तिच्या हातात दिलं. "उरक पटकन," म्हणाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती रांगेतून बाहेर आली, चौघांना ओवाळलं, आणि बाजूला झाली. मग रांग चौघांचीच राहिली. हार चार पडले, माइकवर नावं चार आली. त्यात जीपमध्ये बसलेल्या दोघांचीही.

परतताना तिने चिंध्या सोडल्या, त्यांच्याबरोबर दोन नखं आली. "नाव न्हाई घेतलं," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, "पाय वर घे." ताट मी दिलं, माझं चुकलं, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. पुढे पन्नास वर्षं निघालं नाही... आता कुणाला सांगू?

शोकसभेत मी उठले. "वसंतराव, कड्यापासनं तुमी माज्याशेजारी जीपमदी बसला हुता." ते म्हणाले, "वय झालं, पारूबाई. आठवत नाही." त्यांनी माझ्याकडून लिंबू मागून चोखलेलं मला आठवतं. वय माझंही झालं आहे. अध्यक्षांनी मला खाली बसायला सांगितलं आणि दोन मिनिटं शांतता पाळली.

तेराव्याला तिच्या खोलीत गेले. भिंतीवर त्या दिवसाचा फोटो होता, तिने स्वतः लावलेला. हार घालून झाल्यावर फोटोवाल्याने तिला पुन्हा ताट धरायला लावलं होतं, तेव्हाचा. चार पुरुष छाती काढून उभे. डाव्या कडेला ताट, आणि ताट धरलेला हात, कोपरापर्यंत. बाकीची ती फोटोत आलीच नाही.

सून स्टुलावर चढली होती. एका हातात शेवंताचा मोठा करून आणलेला फोटो, दुसऱ्यात झेंडूचा हार. "मावशी, ह्यो जुना काडते न् तिथं आत्याबाईंचा लावते."

"काडू नको. हार ह्यालाच घाल."

"आवो, ह्यातली दोगं अजून जित्ती हायती."

"त्यांना तवाच घातल्यात," मी म्हणाले. "आता त्या हाताला घाल."