फुलवंता जेवणावरून उठली

नवेगाव बांधच्या फुलवंताला आपल्या लग्नाची तारीख माहीत नव्हती. मोहफुलं वेचायचे दिवस होते आणि मांडवावर जांभळीच्या डहाळ्या होत्या, एवढंच तिला आठवायचं. तारीख ठरवली तिच्या मुलाने, विक्कीने. तो गोंदियात मोटरसायकलच्या शोरूममध्ये नोकरीला होता. सोबतचे लोक आईबापांच्या लग्नाचे वाढदिवस हॉटेलांत साजरे करायचे. आपण का नाही, असं त्याला वाटू लागलं होतं.

फुलवंताचं आयुष्य जंगलखात्याच्या रोपवाटिकेत गेलं. पिशव्यांत माती भरायची, सागाची रोपं वाढवायची, उन्हाळा लागला की तेंदूपत्ता तोडायचा. नवरा सुकराम वनमजूर. वणवा लागला की हिरव्या फांद्या घेऊन धावणारा, एरवी कमी बोलणारा. पण त्यांच्या गोंड वस्तीत त्याला मान होता तो ढोलासाठी. पेनठाण्यावर, गोंडांच्या देवस्थानी, देवापुढे वाजवायचं असलं की तो सकाळपासून उपाशी राही, चपला लांब काढी. ढोलाला पाय लागलेला त्याला खपत नसे.

हॉटेल कोणतं, यावरून विक्की आणि खुशबू या बहीणभावांत बरेच दिवस वाद चालला. खुशबू गोंदियातच नर्सिंग शिकत होती. तिच्या मनात एक साधं, शांत हॉटेल होतं.

"आईले गोंगाट सोसत नाही, दादा."

"मंग तिथं काय करन? मुकाट्यानं जेवा अन् उठा? रौनक पाहिजे ना! या नव्या हॉटेलात लायव्ह शो असते. आपल्या शोरूमचे सगळे तिथंच जातेत."

शेवटी विक्कीचंच खरं झालं.

ठरवलेल्या तारखेला संध्याकाळी चौघं तिथे पोचले. दारात प्लास्टिकच्या वेली लोंबत होत्या, भिंतीवर फायबरचं हरणाचं मुंडकं. आत गाणं इतकं मोठ्याने लागलेलं की फुलवंताच्या दातांत झिणझिण्या आल्या. टेबलावरच्या कापडाला अत्तराचा वास, त्याखाली शिळ्या तेलाचा. तरी तिने ताट पुढे ओढलं. पोराने हौसेने आणलं होतं.

पहिला घास घेतला आणि दिवे लाल झाले. चार माणसं उड्या मारत आत शिरली. तोंडाला, पोटाला काळं फासलेलं, कमरेला प्लास्टिकची पानं, गळ्यात खोटी हाडं. 'हू-हा, हू-हा' करत ती बायकांच्या अंगावर भाले रोखत होती आणि बायका किंचाळून हसत होत्या. एकाने मधोमध ढोल आणून ठेवला. दुसरा त्यावर पाय ठेवून उभा राहिला. कुणीतरी आपला कोल्ड्रिंकचा ग्लासही ढोलावरच टेकवला.

सुकरामने मान खाली घातली. फुलवंताने हातातला घास परत ताटात ठेवला.

तेवढ्यात मॅनेजर माईक घेऊन त्यांच्याच टेबलाशी आला. "आज हमारे बीच एक शादी की सालगिरह है!" टाळ्या पडल्या. त्याने सुकरामला उठवलं, डोक्यावर पिसांचा मुकुट चढवला, हातात भाला दिला. "अंकल, एक बार जंगली स्टाइल में हो जाए!"

सुकराम गोंधळून उभा राहिला. काय करावं ते न कळून कसनुसा हसला. विक्की मोबाइल धरून ओरडत होता, "बाबा, भाला वर करा ना! आई, तू पन हास, व्हिडिओ सुरू आहे!"

आपल्या नवऱ्याचं ते हसू पाहून फुलवंताला किळस आली. पोराचा आवाज ऐकून त्याहून जास्त. ती उठली. तिने सुकरामच्या डोक्यावरचा मुकुट काढला. कोंबडीची पिसं होती, रंग दिलेली. रंग तिच्या बोटांना लागला.

"हे कोनाचं सोंग होय जी?" तिने मॅनेजरला विचारलं.

"ट्राइबल थीम है, आंटी. सबको पसंद आती है."

"आमी गोंड आहो. आमी असे काळं फासून फिरतो? ढोलावर पाय देतो?"

मॅनेजरने तिला खालीवर पाहिलं. मग मोकळेपणी हसून म्हणाला, "अरे आंटी, आप लोग तो वैसे लगते ही नहीं!"

आपण कौतुक केलं, असंच त्याला वाटत होतं. शेजारच्या टेबलावरचे दोघंही मान डोलवून हसले.

फुलवंताने मुकुट त्याच्या हातात कोंबला. "तुमच्या इथलं अन्न पोटात गेलं तं मले ओकारी होईन," एवढं म्हणून ती नवऱ्याचा हात धरून बाहेर पडली. खुशबू मागोमाग निघाली. विक्की पैसे देऊन सगळ्यात शेवटी आला.

"येवढा तमाशा कायले केला, आई? माह्या शोरूमचे लोक पाहून राहिले होते."

"तुह्या बापाले पन पाहून राहिले होते," ती म्हणाली.

विक्कीच्या खोलीवर खुशबूने खिचडी टाकली. सुकराम मात्र मोरीत कपाळ धूत बसला. धुऊन झालं तरी पुन्हा तांब्या भरून घेत होता.

ते गावी परतले आणि आठवड्याच्या आत हॉटेलने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर व्हिडिओ टाकला. मुकुट घातलेला, भाला धरून हसणारा सुकराम. नवेगावातही तो पोचला. चौकात कुणीतरी 'हू-हा' केलं आणि सुकराम अर्ध्या वाटेतून घरी आला. तेव्हा खुशबूने भावाला फोनवर झाप झाप झापलं.

विक्की हॉटेलात गेला. मॅनेजरने आधी सांगितलं की व्हिडिओ लोकांना फार आवडतोय. मग आईबाप दोघांना फुकट जेवण देऊ म्हणाला.

"वो मेरे बाप हैं," विक्की म्हणाला, आणि व्हिडिओ निघेपर्यंत काउंटरसमोरून हलला नाही. व्हिडिओ निघाला. नाच मात्र बंद झाला नाही. सुट्टीच्या दिवशी अजूनही तिथे जागा मिळत नाही.

पुढच्या रविवारी विक्की गावी आला. आई अंगणात तांदूळ निवडत होती. तो जवळ बसला.

"आई, तो नाच मी आधीच पाहिला होता. मोबाइलमंदी. चांगला वाटला, म्हनून तं हॉटेल ठरवलं. त्यात आपन आहो, हे ध्यानातच नाही आलं."

फुलवंताने वर पाहिलं नाही. राग ओसरला होता, पण किळस अजून होती, आणि पोटच्या पोराची किळस यावी याचीही तिला किळस येत होती.

"बापाले सांग जाऊन हे," ती म्हणाली. "मले नोको सांगू."

सुकराम मागे कुंपण बांधत होता. विक्कीने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग उठला आणि घरामागे गेला.